दुष्काळाची नोंद ठेवणारे मिठाचे स्फटिक

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना काळ्या दगडाचे अप्रूप नाही. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच दगडाचे, मलंगगड, ताहुली आणि चंदेरीचे कडे त्याच दगडाचे, आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेली खडीही त्याचीच. या दगडाच्या पोटात कधी कधी पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक सापडतात, हेही अनेकांना ठाऊक असते. खदानीवर काम करणारा मजूर त्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणून मोकळा होतो. मात्र याच काळ्या पाषाणातून निघालेल्या खारांचे आणखी एक भांडार महाराष्ट्रात आहे आणि तेथील स्फटिक या गारगोट्यांपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते. ते भांडार म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. तेथील स्फटिक कपाटात ठेवण्याजोगे नाहीत, ते उचलून आणणे कायद्यात बसत नाही, आणि तरीही खनिजांचा छंद असलेल्या प्रत्येकाने त्यांची कथा जाणून घ्यावी अशी आहे.

ही कथा समजून घ्यायची तर आधी साध्या मिठाकडे वळावे लागेल. कल्याण-अंबरनाथ परिसरातील आगरी समाजाचे नावच मुळी ‘आगरा’वरून, म्हणजे मिठागरावरून पडले, असे मानले जाते. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ काढण्याची पद्धत शतकानुशतकांची आहे. पाणी आटत जाते तसे त्यात विरघळलेले पदार्थ एका ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. प्रथम चुनखडी, मग जिप्सम आणि त्यानंतर नेहमीचे मीठ, ज्याला खनिजशास्त्रात हॅलाइट म्हणतात. उरते ते कडवट पाणी. त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. आगरात मीठ ओढून झाले की हे कडवट पाणी सोडून दिले जाते. ते ठेवले तर मिठाला ओल सुटते आणि चव बिघडते.

स्फटिकांच्या संग्राहकाला मात्र नेमके हे शेवटचे पाणी हवे असते. जर्मनीतील श्टासफुर्ट येथे कोट्यवधी वर्षांपूर्वी एक समुद्र बंदिस्त होऊन जवळजवळ पूर्ण आटला. त्या कडवट पाण्याचेही थर जमिनीखाली जपले गेले. कार्नालाइट हे खनिज १८५६ मध्ये तेथूनच जगाला ज्ञात झाले आणि पुढे १८६० च्या दशकात त्याच थरांवर पोटॅश खतांचा मोठा उद्योग उभा राहिला. मिठाच्या जुन्या खाणींना संग्राहकांच्या जगात जो मान आहे, तो अशा उरल्यासुरल्या पाण्यातून जन्मलेल्या दुर्मीळ खनिजांमुळे. कोकणच्या मिठागरात ही संधी नाही. तेथे पाणी शेवटपर्यंत आटू दिले जात नाही आणि जून उजाडला की पाऊस सगळेच धुऊन नेतो.

समुद्राविना मीठ

लोणारला समुद्र कधीच नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या पठारावर एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. हा आघात केव्हा झाला याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे हा आकडा सांगितला जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेला. विवराच्या तळाशी सरोवर साचले. त्यात पाणी येते, पण बाहेर पडायला वाट नाही. पाणी जाते ते केवळ वाफेच्या रूपाने.

यामागचे रसायन असे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या बेसाल्टमधून झिरपते. दगडातील फेल्डस्पार हे खनिज हळूहळू कुजते आणि त्यातील सोडियम व कॅल्शियम पाण्यात उतरतात. बदलापूरच्या डोंगरातही हेच घडते, पण तेथील पाणी उल्हास नदीने समुद्राला जाऊन मिळते. लोणारला ते अडकते. पाणी आटू लागले की कॅल्शियम आधी चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते आणि सोडियमचे कार्बोनेट मागे उरते. शतकानुशतके हे चालू राहिल्यावर पाण्याचा सामू दहाच्या आसपास पोहोचतो. थोडक्यात, ते सरोवर म्हणजे धुण्याच्या सोड्याचे मोठे पातेलेच होय. पापड लाटणाऱ्या घरांत जो पापडखार ओळखीचा असतो, तो रासायनिकदृष्ट्या याच कुळातला.

या मिठाची ख्याती जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख करताना तेथे काच आणि साबण तयार करण्याचे साहित्य मिळते, असे नोंदवले. पाणी खारे असले तरी काठाशी ते गोडे लागते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले. नंतरच्या नोंदींमध्ये तेथील खारांची स्थानिक नावे आढळतात. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे वरवर पाहता गावंढळ वाटतील, पण ती काढणाऱ्यांनी केलेले वर्गीकरणच होते. थराची जाडी, पोत आणि शुद्धता पाहून प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा भाव. साबण, काचेच्या बांगड्या आणि कापड रंगवण्याच्या कामी हे खार जात. पुढे कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाला आणि हा व्यवसाय संपला.

या खारांत मुख्य घटक ट्रोना. पण खनिजशास्त्रज्ञांना लोणारच्या गाळात सापडलेले ‘गेलुसाइट’ अधिक मोलाचे वाटते.

गेलुसाइटचे कोडे

गेलुसाइट हे सोडियम आणि कॅल्शियम या दोघांचे मिळून बनलेले कार्बोनेट. त्याच्या रचनेत पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसॅक यांच्या नावावरून हे नाव आले. व्हेनेझुएलातील लागुनियास या खाऱ्या सरोवरातून आलेल्या नमुन्यांवरून १८२६ मध्ये बुसँगो यांनी त्याचे वर्णन केले. तेथील रहिवासी मात्र त्याला फार आधीपासून ‘खिळे’ या अर्थाच्या शब्दाने ओळखत होते. लांबट, टोकदार स्फटिकांना हे नाव चपखल बसते.

कोडे असे की हे खनिज तयार होण्यास कॅल्शियम लागते आणि सोड्याच्या सरोवरात कॅल्शियमच तर सर्वांत आधी संपलेले असते. उत्तर त्या काठच्या गोड्या पाण्यात आहे. लोणारच्या कड्यावरून ‘धार’ नावाचा झरा वाहतो. असे झरे आणि भूजल ताजे कॅल्शियम घेऊन येतात. सरोवराचे पाणी पुरेसे दाट झालेले असेल तर ते कॅल्शियम साध्या चुनखडीत न जाता सोडियमसह गेलुसाइटमध्ये बांधले जाते. पाणी पातळ असेल तर हे घडत नाही. म्हणजेच गेलुसाइटचा एक स्फटिक सापडला, तर त्या काळी सरोवर फार आटलेले होते, असा निष्कर्ष काढता येतो. तापमापकासारखा आकडा हा स्फटिक सांगत नाही, पण ‘त्या वेळी पाणी नव्हते’ एवढी साक्ष तो निःसंदिग्ध देतो.

याच साक्षीचा उपयोग जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी केला. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांचाही त्यात सहभाग होता. सरोवराच्या तळात नळी रुतवून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढण्यात आला. त्यात साधारण ११ हजार वर्षांचे थर एकावर एक होते. गेलुसाइटचे स्फटिक त्यात सर्वत्र नव्हते. ते दोनच पट्ट्यांत होते. एक पट्टा साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा साधारण २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गेलुसाइटविषयीचा शोधनिबंध २०१३ मध्ये आणि दीर्घकालीन दुष्काळांविषयीचा पुढचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिल्या पट्ट्याच्या अखेरीस सिंधू संस्कृतीची मोठी नगरे ओस पडू लागली होती. एवढ्यावरून दुष्काळानेच ती संपली असे म्हणणे घाईचे ठरेल, पण पाऊस दीर्घकाळ कमी होता ही बाब आता बाजूला सारता येत नाही. दुसरा पट्टा आपल्या अधिक जवळचा आहे. त्यात सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा महाराष्ट्र येतो. अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेखावरचे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्षही त्याच पट्ट्यात पडते. या काळात दरवर्षी पाऊस हुलकावणी देत होता असे नव्हे. पण दख्खनच्या पठारावर मंदिरांसोबत बारवा आणि तलावही इतक्या संख्येने का खोदले गेले, हा प्रश्न विचारताना इतिहासाच्या अभ्यासकांनी गाळातले हे स्फटिक विसरू नयेत.

गाभ्याच्या सर्वांत वरच्या, म्हणजे अलीकडच्या ६०० वर्षांच्या थरात गेलुसाइटचा पट्टा नाही. लोणारमध्ये ओढ्यांचे गोडे पाणी येते, तशीच गावाच्या सांडपाण्याची तक्रारही जुनी आहे आणि ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. २०२० च्या जूनमध्ये मात्र उलटे घडले. पाणी घटले, क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग क्षारप्रिय ‘हॅलोआर्किया’ सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सर्ल्स सरोवरात संग्राहक ज्या गुलाबी हॅलाइटसाठी चिखलात उतरतात, त्याच्या रंगामागेही असेच सूक्ष्मजीव आहेत. ट्रोना याच नावाच्या तेथील गावात स्फटिक गोळा करण्याचा वार्षिक मेळा भरण्याची प्रथा कित्येक दशकांची आहे. सोडा काढणारी कंपनी आपल्या आवारात लोकांना येऊ देते आणि हँक्साइटसारखी अन्यत्र क्वचितच मिळणारी खनिजे घरी नेता येतात.

उचलावे की नाही?

हे वाचून कोणी पिशवी घेऊन लोणारला निघू नये. सरोवर आणि परिसर वन्यजीव अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही आणि १९२७ च्या वन कायद्यातील वनोपजाच्या व्याख्येत जंगलातील माती, दगड आणि खनिजेही येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतरचे ते राज्यातील दुसरे रामसर स्थळ. भूवारसा स्थळांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता.

कायदा बाजूला ठेवला तरी उचलण्यात फायदा नाही. गेलुसाइटची किंमत तो कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर सापडला यात आहे. थरातून सुटला की तो एक मळकट खडा उरतो. शिवाय कोरड्या हवेत त्यातील पाणी निघून जाते, वर पांढरी पूड धरते आणि चकाकी नाहीशी होते. पाण्याने धुवायला जावे तर सोडियम कार्बोनेट विरघळून चुनखडी मागे उरते. अशा वस्तूची हौस संग्राहकाला परवडत नाही आणि शास्त्राचे नुकसान मात्र कायमचे होते.

खदानीतील गारगोटीचे गणित नेमके उलटे आहे. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे बेसाल्टमध्ये पोकळ्या राहतात. त्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्याने लक्षावधी वर्षांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट कुळातील खनिजे आणि त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट घडवले. म्हणजे लोणारच्या खाराचे आणि या स्फटिकांचे मूळ एकच, काळा पाषाण आणि पाणी. फरक इतकाच की येथे सिलिका सोबतीला आली आणि टिकाऊ स्फटिक बनले. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटातील रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडला गेला, तेव्हा निघालेले असे स्फटिक युरोपातील संग्रहांत पोहोचले. वाघोलीच्या निळ्या कॅव्हनसाइटने तर पुणे जिल्ह्याचे नाव जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी नेले.

असा खडक क्रशरमध्ये गेला की त्याची खडीच होणार असते. त्यामुळे खदानमालकाच्या परवानगीने, सुरुंगाच्या वेळा टाळून आणि कड्याखाली उभे न राहता कोणी तो वाचवत असेल तर त्याला लूट म्हणता येणार नाही. अडचण आहे ती नोंदीची. बाजारात येणाऱ्या कितीतरी नमुन्यांवर ‘पुणे’ किंवा ‘जळगाव’ एवढेच लिहिलेले असते. गाव, खदान, थर, तारीख यांचा पत्ता नसतो. लोणारच्या मिठाने शिकवलेला धडा येथेही लागू पडतो. स्फटिक कोठून आला हे लिहिले नसेल तर त्याची निम्मी माहिती गेलीच. पाव रुपयाचा कागद आणि शिसपेन्सिल हे संग्राहकाचे हातोड्याइतकेच महत्त्वाचे हत्यार आहे, पण ते खिशात घेऊन फिरणारे विरळा.

कोकणच्या हवेत जपताना

ज्यांच्याकडे देशोदेशीचे मिठाचे नमुने आहेत, त्यांना बदलापूरचा पावसाळा ही मोठी परीक्षा असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हॅलाइट ओल धरून विरघळू लागते आणि जुलैत येथील आर्द्रता कित्येक दिवस त्याच्या वरच असते. कार्नालाइट तर त्याहून नाजूक. हे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत. धुण्याची वेळ आलीच तर साधे पाणी न वापरता मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातलेले संपृक्त मिठाचे पाणी वापरावे आणि लगेच टिपून घ्यावे. गेलुसाइटचा परदेशी नमुना कोणाकडे असेल तर तो हवाबंद ठेवावा, पण त्या डब्यात सिलिका जेल टाकू नये. एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला विष.

झिओलाइट पाण्याने खुशाल धुवावेत. घरातील फरशी साफ करण्याचे आम्ल मात्र त्यांना लावू नये. चुनखडीचा थर काढण्यासाठी अनेक जण तो उपाय करतात आणि स्कोलेसाइट, नॅट्रोलाइटसारख्या खनिजांचा त्या आम्लात चिकट गर होतो. लॉमोंटाइट नावाचे एक झिओलाइट आणखी हट्टी असते. खडकातून काढल्यावर काही दिवसांतच त्यातील पाणी उडते आणि स्फटिकाची भुकटी होते. त्याबाबतीत ते गेलुसाइटचेच भावंड शोभावे.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला जावे. माजी नौसैनिक के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये तेथे सुरू केलेल्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दख्खनच्या दगडातील झिओलाइटचा मोठा संग्रह आहे. त्याच गावात गोंदेश्वराचे मंदिर आहे. अंबरनाथप्रमाणेच भूमिज शैलीचे आणि अर्थातच त्याच काळ्या पाषाणाचे. लोणारला मात्र कड्यावरून खाली पाहण्यातच समाधान मानावे लागते. एप्रिल-मे मध्ये पाणी मागे सरले की काठच्या चिखलावर पांढरी साय धरलेली दिसते. बोटाला लागली तर ती साबणासारखी बुळबुळीत लागते.